‘जंतू आढळले नाहीत’ म्हणजे काय?

सांख्यिकीचे नाव काढताच कला शाखेच्या वर्गात बऱ्याच कपाळांवर आठ्या पडतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती येते म्हणून शिकायची, सरासरी व प्रमाण विचलन यांची उदाहरणे सोडवायची आणि परीक्षा होताच विसरायची, असाच प्रघात. पण हे शास्त्र ज्या प्रश्नांसाठी जन्माला आले, त्यांतील एक प्रश्न आपल्या शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक गावात विहिरीच्या तळाशी पडून आहे. हे पाणी पिण्याजोगे आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

आपला मुलूख पाण्याचा. १८९२ पासून तानसा तलावाचे पाणी मुंबईला जाते आहे. पुढे भातसाही त्या कामी आली. बारवी धरण औद्योगिक वसाहतींची व शहरांची तहान भागवते. तरीही शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि उरलेल्या काळात विहीर, बोअरवेल, झरा हाच आधार. पहिल्या पावसाबरोबर उतारावरची सगळी घाण त्यात उतरते. म्हणून जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, नमुना प्रयोगशाळेत जातो, ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. अहवालात पुष्कळदा एकच वाक्य असते: ‘जंतू आढळले नाहीत.’ या एका वाक्याचा अर्थ नीट लावता यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

कोलिफॉर्म जंतूंची जुनी व सर्वत्र रूढ असलेली तपासणी अशी. पोषक द्रव भरलेल्या पाच परीक्षानळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत १० मिलिलिटर पाणी घालायचे आणि त्या उबेत ठेवायच्या. ज्या नळीत निदान एक तरी जंतू गेला असेल, तिथे त्याची वाढ होऊन वायू धरतो. जंतू मोजलेच जात नाहीत. किती नळ्या ‘बिघडल्या’ एवढेच पाहायचे आणि त्यावरून पाण्यात जंतू किती असावेत याचे अनुमान करायचे. अहवालात ‘एम.पी.एन.’ ही जी तीन अक्षरे असतात, त्यांचा अर्थ ‘सर्वांत संभाव्य संख्या’. म्हणजे प्रयोगशाळेचा आकडा हा मुळातच संभाव्यतेचा आकडा आहे.

हे अनुमान कसे होते? राबावर भाताचे बी मुठीने फेकताना पाहा. कितीही सारखा हात फिरवला तरी वीतभर जागेत कुठे चार दाणे पडतात, कुठे दोन आणि कुठे एकही नाही. पाण्यातल्या जंतूंचेही तसेच. पाच नळ्यांपैकी एक बिघडली, तर १०० मिलिलिटरमागे २.२ जंतू असावेत असे गणित सांगते. दोन बिघडल्या तर ५.१, तीन बिघडल्या तर ९.२ आणि चार बिघडल्या तर १६. पाचही बिघडल्या तर ‘१६ हून अधिक’ एवढेच म्हणता येते.

आता खरा प्रश्न पाहू. एकही नळी बिघडली नाही तर काय? समजा एखाद्या विहिरीत १०० मिलिलिटरमागे सरासरी २.२ जंतू खरोखरच आहेत. आपण एकूण ५० मिलिलिटर पाणी तपासले, म्हणजे त्यात सरासरी १.१ जंतू यायला हवेत. पण एकही न येण्याची संभाव्यता किती? ती शेकडा ३३ भरते. दूषित विहिरीचा नमुना तीनदा घेतला, तर सुमारे एकदा अहवाल ‘आढळले नाहीत’ असाच येईल. त्यात प्रयोगशाळेचा दोष नाही, जलसुरक्षकाचाही नाही. तो मुठीतल्या बियाचा स्वभाव आहे.

मग त्या अहवालाचा प्रामाणिक अर्थ काय? सांख्यिकी सांगते की ५० मिलिलिटरमध्ये काही सापडले नाही, तर १०० मिलिलिटरमागे ६ हून अधिक जंतू नसावेत, असे आपण शंभरात ९५ च्या विश्वासाने म्हणू शकतो. तेवढेच, त्याहून अधिक नाही. आणि पिण्याच्या पाण्याचे आपले प्रमाण तर १०० मिलिलिटरमध्ये एकही नको असे आहे. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांमधली ही फट ओळखणे म्हणजेच सांख्यिकी. फट बुजवण्याचा उपायही तीच सांगते. हीच विहीर वेगवेगळ्या तीन दिवशी तपासली आणि तिची स्थिती तशीच राहिली, तर तिन्ही वेळा निसटण्याची संभाव्यता शेकडा ४ च्या आत येते. एका नमुन्यावर मिळालेले समाधान आणि तीन नमुन्यांवर मिळालेले समाधान यांत एवढे अंतर आहे.

किती नमुने, हा झाला एक प्रश्न. केव्हा आणि कुठून, हे त्याचे सख्खे भाऊ. काळू नदीच्या एखाद्या डोहाचे उदाहरण घ्या. पाण्यात विरघळलेला प्राणवायू शेवाळ व पाणवनस्पतींमुळे दिवसा वाढतो आणि रात्रभर घटत जाऊन पहाटे नीचांकाला येतो. मासे गुदमरतात ते पहाटे. पण नमुना घेणारा माणूस कचेरी उघडल्यावर निघतो आणि दुपारी पोहोचतो. त्याचे प्रत्येक मोजमाप बिनचूक असूनही नदीचे चित्र मात्र आहे त्याहून बरे दिसते. मोजण्यातली चूक उपकरण बदलून सुधारते, निवडीतली चूक उपकरणाने सुधारत नाही. पीककापणी प्रयोगात शेत सोयीने न निवडता चिठ्ठीच्या न्यायाने निवडतात, ते याचसाठी. ती पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रणी होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

पर्यावरणाच्या या हिशोबाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. डॉ. गणपती पाटील यांनी १९५९ साली मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. आरंभीचे त्यांचे काम संभाव्यता-वितरणांचे, निव्वळ कागदावरचे वाटावे असे. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात त्यांनी परिसरशास्त्रीय व पर्यावरणीय सांख्यिकीचे केंद्र चालवले, १९९४ साली सुरू झालेल्या या विषयाच्या नियतकालिकाचे संपादन केले आणि त्याच वर्षी डॉ. सी. आर. राव यांच्यासह पर्यावरणीय सांख्यिकीचा संदर्भग्रंथ सिद्ध केला.

याच दोघांचा १९७८ सालचा एक निबंध आपल्याला सहज कळेल असा आहे. जे मोठे असते ते नजरेत लवकर भरते, म्हणून दिसलेल्यांची सरासरी ही असलेल्यांची सरासरी नव्हे, हे त्याचे सार. वलगणीचे मासे आठवा. पहिल्या पुरात मासे ओढ्यात चढतात, तेव्हा जाळे भरून येते. त्या दिवशीच्या जाळ्यावरून कुणी नदीतले मासे मोजू लागला तर तो फसणारच. शिवाय जाळ्याच्या आसातून बारीक मासा निसटतो तो निराळाच. अशा वेळी नमुना टाकून द्यायचा नसतो, कोणाला सापडण्याची संधी किती होती हे ध्यानात घेऊन त्याला वजन द्यायचे असते.

इकडे पुणे विद्यापीठात प्रा. हुजूरबाजार यांनी १९५३ साली सांख्यिकीचा विभाग उभारला. त्याच विभागातील प्रा. अनिल गोरे व प्रा. शरयू परांजपे यांनी गणिती व सांख्यिकी परिसरशास्त्रावर लिहिलेले पाठ्यपुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे या वाटेने जायचे तर समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. माळशेज घाट चढला की पुण्याची वाट लागतेच!

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी सगळेच सांख्यिकीतज्ज्ञ होणार नाहीत. पण तुमच्यातून शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच, आशाताई आणि वार्ताहर निश्चित होणार आहेत. ग्रामसभेत पाण्याचा अहवाल वाचला जाईल, तेव्हा चार प्रश्न विचारा. किती पाणी तपासले? किती वेळा? कोणत्या महिन्यात? आणि विहीर कोणी व कशी निवडली? या प्रश्नांना उत्तरे असतील तर हिरव्या कार्डावर विश्वास ठेवा. नसतील, तर त्याच पावसाळ्यात पुन्हा नमुना पाठवण्याचा ठराव मांडा आणि तोवर पाणी उकळून प्या. हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला संभाव्यतेचे सूत्र ठाऊक असण्याची गरज नाही. ते ठाऊक असणारा कुणीतरी तिच्या गावात मात्र असला पाहिजे.