मंडळीचा करार व मतांगीकार : त्यांचा उगम व अर्थ

वाचावयाचे शास्त्रभाग : यहोशवा २४:१४–२८, नहेम्या ९:३८ व १०:२८–३९, प्रेषितांचीं कृत्यें २:४१–४७.

आपल्या पवित्र शास्त्राच्या दोन भागांस आपण जुना करार व नवा करार म्हणतों. करार हा शब्द खेड्यांतील कोणासहि परका नाहीं. जमीन खंडानें घेतली किंवा विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरविल्या, कीं करार होतो. त्यांत दोन पक्ष असतात, अटी असतात, साक्षीदार असतात, आणि तो मोडणाऱ्यास दोष लागतो. मतांगीकार हा शब्द तितका घरगुती नाहीं. ‘आम्ही अमुक गोष्टी सत्य मानतों,’ असें जाहीरपणें सांगणारें जें विधान, तो मतांगीकार. प्रेषितांचा मतांगीकार हें त्याचें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण होय. थोडक्यांत, आम्ही काय मानतों हें मतांगीकार सांगतो, आणि आम्ही एकमेकांशीं कसे वागूं हें करार सांगतो.

अहमदनगर, सोलापूर व मुंबई या बाजूंस अमेरिकन मराठी मिशनच्या कामांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या काँग्रिगेशनल पद्धतीच्या होत्या. या पद्धतींत प्रत्येक गांवची मंडळी ख्रिस्ताच्या सत्तेखालीं आपला पाळक आपण निवडते, आपला कारभार आपण पाहते, आणि शेजारच्या मंडळ्यांशीं सल्लामसलतीनें वागते. या पद्धतीच्या मुळाशीं आरंभीं मतांगीकार नव्हता, तर करार होता. हें कसें, तें या पाठांत पाहूं.

१. करार प्रथम कां झाला?

सोळाव्या शतकांत इंग्लंडांत प्रत्येक गांवास सरकारमान्य मंडळी असे, आणि गांवच्या शिवेंत जो जन्मला तो तिचा सभासद गणला जाई. त्याचा विश्वास आहे कीं नाहीं, हें कोणी फारसें विचारीत नसे. कांहीं लोकांस हें शास्त्राविरुद्ध वाटलें. मंडळी शिवेनें होत नाहीं, तर जे आपण होऊन प्रभूस व एकमेकांस वचन देतात त्यांची होते, असें ते म्हणूं लागले. रॉबर्ट ब्राऊन यानें सुमारें १५८१ सालीं नॉर्विच शहरांत अशी एक मंडळी कराराच्या पायावर जमविली. पुढें ब्राऊन स्वतः सरकारी मंडळींत परत गेला. परंतु जी गोष्ट त्यानें शिकविली ती त्याच्याबरोबर परत गेली नाहीं. हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवुड व जॉन पेन्री या तिघांस १५९३ सालीं फांशीं देण्यांत आलें, तरीहि ती टिकली.

सन १६०६ च्या सुमारास इंग्लंडाच्या उत्तर भागांत स्क्रूबी या लहान गांवाच्या आसपासचे शेतकरी व कारागीर अशाच करारानें एकत्र झाले. प्रभूचे जे मार्ग आम्हांस कळले आहेत व जे पुढें कळतील, त्या सर्वांनीं आम्ही चालूं, मग त्यास कितीहि मोल पडो, असा त्यांच्या कराराचा आशय होता. छळामुळें ते हॉलंड देशांत गेले, १६०९ सालीं लायडन येथें राहिले, आणि त्यांतील कांहीं १६२० सालीं मेफ्लॉवर नांवाच्या गलबतानें अमेरिकेस पोंचले. गलबतावर ४१ पुरुषांनीं ज्या कागदावर सह्या केल्या, तो मात्र मंडळीचा करार नव्हे. तो वसाहतीच्या राज्यकारभारापुरता होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. देव, ख्रिस्त व तारण यांविषयीं या लोकांचें मत इंग्लंडांतील इतर प्रॉटेस्टंटांहून फारसें निराळें नव्हतें. वाद होता तो मंडळी कोणास म्हणावें याविषयीं. म्हणून त्यांना प्रथम नवीन मतांगीकाराची गरज भासली नाहीं. करार मात्र अवश्य झाला.

२. सेलम येथील करार

अमेरिकेंतील सेलम गांवीं ६ ऑगस्ट १६२९ रोजीं सुमारें ३० माणसांनीं मंडळी स्थापिली. फ्रान्सिस हिगिन्सन व सॅम्युएल स्केल्टन हे तिचे सेवक झाले. त्यांचा करार एका वाक्याचा होता. आम्ही प्रभूशीं व एकमेकांशीं बांधले गेलों आहों, आणि तो आपल्या वचनांत जें प्रगट करील त्याप्रमाणें त्याच्या सर्व मार्गांनीं मिळून चालूं, एवढाच त्याचा भावार्थ. शेजारच्या प्लिमथ मंडळीचे प्रतिनिधि त्या दिवशीं वाटेंत वाऱ्यामुळें अडकले, तरी उशिरा येऊन त्यांनीं नव्या मंडळीस सहभागितेचा उजवा हात दिला.

पुढें सात वर्षांनीं, १६३६ सालीं, ह्यू पीटर पाळक असतां तो करार वाढविण्यांत आला. मधल्या काळांत मंडळींत मोठा वाद होऊन तिचा शिक्षक रॉजर विल्यम्स यास वसाहतीबाहेर घालविण्यांत आलें होतें. नव्या कलमांत काय आलें? संशय, चहाडी व मनांतील अढी टाळणें. आळस न करणें. कोणावर जुलूम न करणें. मुलांस व चाकरांस देवाचें ज्ञान शिकविणें. वाद झाल्यानंतरच चहाडीचें कलम लिहावें लागतें, हें कोणाहि पंचाच्या लक्षांत येईल. जुन्या कराराचें एकेक कलम हें त्या मंडळीच्या एकेका दुखण्याचें औषध असतें.

३. जुना कागद कसा वाचावा?

सन १६६५ च्या सुमारास सेलमच्या मंडळीनें एक मतांगीकार छापला, आणि तो तात्पर्यानें १६२९ मधलाच आहे असें त्याच्या मथळ्यावर लिहिलें. यावरून पुढें पुष्कळ लोक असें समजले, कीं हा लांबलचक मतांगीकारच मंडळीच्या पहिल्या दिवसाचा कागद होय. वाढविलेला १६३६ चा करारहि असाच पहिल्या दिवसाचा समजला गेला. विल्स्टन वॉकर या इतिहासकारानें १८९३ सालीं या मंडळ्यांचे कागदपत्र एकत्र छापले, तेव्हां कोणता भाग केव्हांचा हें सामान्य वाचकांस स्पष्ट दिसूं लागलें.

अशी चूक आपल्याकडेहि घडली आहे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरांत एक शिलालेख आहे. त्याचा शक प्रथम ७८२ असा वाचण्यांत आला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचें दाखविलें. एका आंकड्यानें दोनशें वर्षांचा फरक पडला. दगडावरील लेखाची ही गत, तर वारंवार नकललेल्या कागदाची काय सांगावी? म्हणून जो उपदेशक आपल्या मंडळीचा जुना दप्तर उघडील, त्यानें हें विचारावें : हा कागद कोणत्या सालचा? यांतील कोणतें कलम मागाहून घातलें? आणि तें घालण्याचें कारण काय घडलें?

४. मतांगीकार केव्हां आला?

करार मंडळीच्या आंतील लोकांसाठीं लिहिला गेला. मतांगीकार बहुधा बाहेरच्यांच्या आरोपास उत्तर म्हणून लिहिला गेला. हॉलंडांत पळून गेलेल्या इंग्रज विश्वासणाऱ्यांनीं १५९६ सालीं आपला मतांगीकार प्रसिद्ध केला, तो आम्ही पाखंडी नाहीं हें जगास कळावें म्हणून. अमेरिकेंतील मंडळ्यांच्या प्रतिनिधींची केंब्रिज येथें सभा भरली, आणि तिनें १६४८ सालीं मंडळीच्या व्यवस्थेचे नियम ठरविले. श्रद्धेच्या बाबतींत मात्र तिनें नवें कांहीं न रचतां वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार तत्त्वतः मान्य केला. इंग्लंडांतील मंडळ्यांनींहि १६५८ सालीं लंडनच्या सॅव्हॉय वाड्यांत जमून, त्याच मतांगीकारांत फेरफार करून आपलें मत जाहीर केलें.

यावरून कोणी असें म्हणूं नये, कीं मतांगीकार निरुपयोगी आहे. शेतास जसें कुंपण, तसा मंडळीस मतांगीकार. परंतु कुंपणानें पीक येत नाहीं. पेरणी निराळी करावी लागते.

५. तिसऱ्या पिढीचा प्रश्न

जे समुद्र ओलांडून आले त्यांचा विश्वास दुःखांतून तावून निघाला होता. त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा झाला. पण मोठेपणीं त्यांतील पुष्कळांस स्वतःच्या विश्वासाची साक्ष देतां येईना. मग त्यांच्या मुलांस बाप्तिस्मा द्यावा कीं नाहीं? बोस्टन येथील १६६२ च्या सभेनें असा निवाडा केला, कीं ज्यांचें वर्तन चांगलें आहे व जे कराराचा स्वीकार करितात, त्यांच्या लेंकरांस बाप्तिस्मा द्यावा. पण एवढ्यावरून त्या आईबापांस प्रभुभोजनाचा अधिकार मिळत नाहीं. यास लोक अर्धा करार म्हणूं लागले. त्यामुळें घराणीं मंडळीशीं जोडलेलीं राहिलीं खरीं, परंतु अर्ध्यावरच समाधान मानणारेहि पुष्कळ झाले. पुढें जोनाथन एडवर्ड्स यानें सभासदत्वासाठीं स्वतःच्या विश्वासाचा अंगीकार अवश्य धरला, तेव्हां त्याच्या नॉर्थॅम्प्टनच्या मंडळीनें १७५० सालीं त्यासच पाळकपणावरून दूर केलें.

ज्यांचे आजे घरदार सोडून ख्रिस्ताकडे आले त्यांच्या नातवंडांनीं हा भाग लक्षपूर्वक वाचावा. आजानें दिलेलें वचन नातवास वारसानें मिळत नाहीं. जमीन मिळते, घर मिळतें, नांव मिळतें, पण वचन ज्याचें त्यानेंच द्यावें लागतें.

६. मराठी देशांत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील या मंडळ्यांत ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीं मोठा वाद माजला. जुनें मत राखण्यासाठीं अँडोव्हर येथें १८०८ सालीं धर्मशिक्षणाची शाळा उघडली, आणि तेथील अध्यापकांनीं एका विस्तृत मतांगीकारावर सही करून दर पांच वर्षांनीं तो पुनः म्हणावा, असा नियम झाला. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे त्याच शाळेंत शिकले, आणि फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. त्यामुळें काटेकोर मतांगीकार आणि मंडळीचा जुना करार हे दोन्ही वारसे त्यांच्याबरोबर आले.

अहमदनगर येथें मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें व १८३३ सालीं तेथें मंडळी स्थापन झाली. पुढें १८५४ सालीं हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांची पाळकपदावर दीक्षा झाली. मंडळी एतद्देशीयांच्या हातीं येण्याचा हा आरंभ होय. या मंडळ्या १९२४ सालीं प्रेसबिटेरियन मंडळ्यांशीं मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, त्यांत तीहि सामील झाली. कारभाराची रीत बदलली. मंडळी म्हणजे वचनानें बांधलेले लोक, हें तत्त्व बदलण्याचें कारण नाहीं.

७. परक्यांच्या गांवीं

उल्हासनगर हें नांव कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेस १९४९ सालीं मिळालें. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांची ती वस्ती. पलीकडचीं अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें आगगाडी व कारखाने यांमुळें वाढलीं. अशा ठिकाणीं शेजारी शेजाऱ्याच्या आजास ओळखीत नाहीं. घाटावरून एखादें ख्रिस्ती कुटुंब पोटासाठीं येथें येतें, चाळींत खोली घेतें, आणि उपासनेस जाण्याचें आज उद्यांवर टाकतें. गांवीं त्याची मंडळी होती. येथें तें कोणाचेंहि नसतें.

केंब्रिजच्या नियमांत याच गोष्टीसाठीं एक स्वतंत्र अध्याय आहे. सभासदानें दुसऱ्या गांवीं जातांना आपल्या मंडळीस कळवावें, तिचा सल्ला घ्यावा, तिचें पत्र न्यावें, आणि नव्या मंडळीनें त्या पत्रावरून त्याचा स्वीकार करावा. हा निव्वळ दप्तरी शिरस्ता नव्हे. ज्यांना त्यानें वचन दिलें ते त्यास मोकळें करून दुसऱ्यांच्या हातीं सोंपवितात, असा त्याचा अर्थ आहे. सेलमचे लोकहि निरनिराळ्या गांवांहून आलेले, एकमेकांस परके होते. एका वाक्याच्या वचनानें ते मंडळी झाले.

म्हणून उपदेशक बंधूंस विनंति आहे, कीं गांवांतून कोणी कामास निघाला, तर त्याच्या हातीं भाकरीच्या गांठोड्याबरोबर मंडळीचें पत्रहि द्यावें. आणि ज्या मंडळीच्या दारीं असा कोणी येईल, तिनें तो कोणत्या जातीचा, कोणत्या घराण्याचा, हें न विचारतां, तूं आमच्याबरोबर प्रभूच्या मार्गानें चालशील काय, एवढेंच विचारावें. तो ‘होय’ म्हणाला, तर तेंच आपणहि त्यास म्हणावें. कारण करारास दोन्ही बाजूंचें वचन लागतें.

मनन व चर्चा यांसाठीं प्रश्न

१. करार व मतांगीकार यांत भेद काय? यहोशवा २४ मध्यें या दोहोंपैकीं काय आढळतें?
२. नहेम्या १० मधील लोकांनीं कोणकोणतीं वचनें दिलीं? त्यांवरून त्या काळचे कोणते दोष दिसून येतात?
३. आपल्या मंडळीच्या दप्तरांत सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा आहे?
४. आपल्या मंडळींतून गेल्या वर्षीं कोण बाहेरगांवीं गेले? त्यांपैकीं किती जणांस पत्र दिलें?