‘सरणं’ म्हणजे काय?



आपल्या घरात रोज त्रिशरण म्हटले जाते. पण त्यातील ‘सरणं’ हा शब्द ऐकून घरातील आजीला चितेचे सरण आठवते. शाळेत जाणारा मुलगा विचारतो, “शरण जाणे म्हणजे हार मानणे ना? पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसऱ्यांपुढे वाकलो. आता बुद्धापुढेही वाकायचे काय?” प्रश्न रास्त आहे. मुलाला गप्प बसवू नका, उत्तर द्या.

प्रथम आजीची शंका. पाली भाषेत ‘श’ हा वर्ण नाही. म्हणून संस्कृतातील ‘शील’ पालीत ‘सील’ होते आणि ‘शरण’ ‘सरण’ होते. चितेच्या लाकडांशी या अर्थाचा काही संबंध नाही. केवळ उच्चार जुळला आहे.

आता मुलाची शंका. आसरा, रक्षण, निवारा, घर हे या शब्दाचे प्राचीन अर्थ होत. पुढे त्याला निरनिराळ्या क्षेत्रांत निरनिराळे अर्थ आले. बाराव्या शतकात कर्नाटकात बसवेश्वरांच्या मार्गाने जाणाऱ्या शिवभक्तांना ‘शरण’ म्हणत. युद्धात शरण येणे म्हणजे शस्त्र खाली ठेवणे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले. त्याच वर्षी पूर्व बंगालमधून जीव वाचवून भारतात आलेल्या लाखो लोकांना आपण ‘शरणार्थी’ म्हटले. शब्द एकच, पण एकीकडे पराभव, दुसरीकडे आसरा.

त्रिशरणातील अर्थ आसऱ्याचा आहे, पराभवाचा नाही. पण हा आसरा कसला? भयभीत माणसे डोंगर, वने, झाडे व देवस्थाने यांचा आश्रय घेतात, परंतु त्याने दुःख सुटत नाही, अशी शिकवण धम्मपदात आहे. चार आर्यसत्ये जाणणे हाच खरा आश्रय. अखेरच्या दिवसांत तथागतांनी भिक्खूंना स्वतःचाच आणि धम्माचाच आधार घ्यायला सांगितले. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

‘गच्छामि’ म्हणजे ‘मी जातो’. कोणी ओढून नेत नाही. आपण समजून, आपल्या पायांनी जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली. ती माणसे कोणापुढे वाकायला आली नव्हती. वाकणे सोडायला आली होती.

तेव्हा आपणही स्वतःला तपासू या. मूल तापाने फणफणले की आपण दवाखान्यात जातो की देवऋष्याकडे? संकटात विचार करतो की नवस बोलतो? तोंडाने त्रिशरण आणि पाय अंगारे-धुपाऱ्यांकडे, असे असेल तर आपले शरण अजून जुनेच आहे.

आज संध्याकाळी वंदना झाल्यावर घरातील प्रत्येकाने ‘सरणं’चा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. आजीपासून सुरुवात करा.

जय भीम!