अनामत

खरीप हंगामात परभणी जिल्ह्यातील एखाद्या सेवा केंद्रात जाऊन पाहा. तेथे शेतकऱ्यांची रांग दिसेल. कुणाच्या हातात सातबारा, तर कुणाच्या हातात बँकेचे पासबुक असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा अर्ज संगणकावर भरला जातो. शेतकरी आपला आधार क्रमांक आणि खाते क्रमांक विश्वासाने सांगतो. ही माहिती चोराच्या हाती लागली, तर त्याच्या कष्टाचा पैसा धोक्यात येतो.

उर्दूत 'अमानत' हा शब्द आहे. तोच मराठीत 'अनामत' झाला. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे अनामत. अर्जातील माहितीही अनामतच आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी असा अर्ज तयार करील. त्याने ती कशी सांभाळावी?

पहिली गोष्ट, गरजेपुरतेच विचारावे. भरपाई जमा करण्यासाठी खाते क्रमांक लागतो, एटीएम कार्डाचा पिन लागत नाही. जे आपण घेतलेच नाही, ते आपल्याकडून चोरीला जात नाही. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली.

दुसरी गोष्ट, माहिती उघडी पाठवू नये. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, बंद पाकीट नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असेल, तर माहिती सांकेतिक रूपात जाते. पण तेवढ्यावर भुलू नका! खोटे संकेतस्थळही असे पाकीट वापरू शकते. म्हणून पूर्ण पत्ता नीट वाचावा.

तिसरी गोष्ट, आलेला मजकूर तपासावा. एखादा लबाड माणूस नावाच्या रकान्यात संगणकासाठी आज्ञाच लिहितो. संगणकाने ती पाळली, तर सर्वांची माहिती उघडी पडते. म्हणून प्रत्येक रकाना सर्व्हरवर तपासावा आणि त्यातील मजकूर आज्ञा म्हणून कधीही चालू देऊ नये.

चौथी गोष्ट, साठवलेली माहिती सांकेतिक रूपात ठेवावी. पडद्यावर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंकच दाखवावेत.

अर्ज भरणाऱ्यानेही सावध राहावे. फोनवर ओटीपी विचारणाऱ्याला तो सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

अर्ज कोणी तयार केला, हे शेतकऱ्याला ठाऊक नसते. तरीही तो विश्वास ठेवतो. त्या विश्वासाला जागणे, हे अर्ज तयार करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. अर्जातील माहितीला लेखकाने अनामत का म्हटले आहे?
२. शाळेच्या सहलीसाठी अर्ज तयार करा. कोणती माहिती विचारणार नाही, ते कारणासह लिहा.