सागरी मत्स्यटाकी : आधी पाणी पिकवा, मग मासा सोडा



रत्नागिरी येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील मत्स्यालयात समुद्रातील रंगीत मासे पाहिल्यावर आपल्या घरी, विशेषतः पर्यटकांची उतरण्याची सोय केलेल्या घरात, अशी एक टाकी असावी असे वाटणे साहजिक आहे. समुद्र दाराशी असल्यामुळे हे काम सोपे असावे असा समजही होतो. मात्र नव्या टाकीतील मासे मरतात ते बहुधा पहिल्या महिना-दीड महिन्यातच, आणि त्याचे कारण रोगापेक्षा घाई हेच असते. शेत तयार न करता बी पेरावे, तसा हा प्रकार आहे. टाकी उभी करण्याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

१) प्रवाळ टाकीत ठेवू नये

चित्रांत दिसणाऱ्या सागरी टाक्यांत जिवंत प्रवाळ (पोवळे) असते. आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळ आढळते. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आंग्रिया बँक हा मोठा प्रवाळप्रदेश आहे. गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे नारळाएवढा गड्डा तयार होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तो तोडण्यास एक मिनिट पुरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कठीण प्रवाळाच्या सर्व जातींना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांनाही त्याच वर्षी संरक्षण मिळाले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. प्रवाळाचा मृत सांगाडा शोभेसाठी ठेवणेही यातून सुटत नाही. ‘परदेशातून आणलेले आहे’ अशा विक्रेत्याच्या तोंडी खुलाशावर प्रवाळ विकत घेऊ नये. पर्यटकांसमोर मांडलेली टाकी तर सर्वांना दिसणारच. म्हणून आपली टाकी मासे, शेवाळ आणि कृत्रिम खडक यांचीच असावी. प्रवाळाला लागणारे महागडे दिवे नसल्यामुळे खर्चही बराच कमी होतो.

२) टाकीचा आकार व जागा

लहान टाकी सोपी असते हा समज चुकीचा आहे. पाणी जितके कमी, तितके ते लवकर बिघडते. नवशिक्याने ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टाकी घ्यावी. तिची एकूण क्षमता सुमारे १९० लिटर असते. वाळू, खडक व वरची मोकळी जागा वजा जाता साधारण १६० लिटर पाणी राहते. काच १० मि.मी. जाडीची असावी. भरलेल्या टाकीचे वजन अडीचशे किलोच्या घरात जाते, म्हणून बैठक भक्कम व समतल असावी. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नये. लोखंडी बैठक खाऱ्या हवेत गंजते. तिला चांगला रंग द्यावा किंवा बैठक बांधून घ्यावी.

३) पाणी कोठून व केव्हा आणावे

पाणी भरतीच्या वेळी, नदी-नाल्यांच्या मुखापासून दूर असलेल्या उघड्या किनाऱ्यावरून घ्यावे. भाट्ये येथे काजळी नदी समुद्रास मिळते. अशा ठिकाणचे पाणी कमी-अधिक खारट असते. मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळच्या पाण्यात तेल असते, म्हणून तेही टाळावे. पाणी आणण्याचा योग्य काळ नोव्हेंबर ते मे हा आहे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी गोडसर व गढूळ होते. त्या काळात पाणी आणू नये.

आणलेले पाणी जाड कापडातून गाळून, झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे ठेवावे. गाळ खाली बसतो व पाण्यातील बरेच सूक्ष्म जीव मरतात. वरचे नितळ पाणी वापरावे. पिंप खाद्यपदार्थांचे असावे. खताचे वा औषधाचे नसावे.

पाण्याची प्रत पुढीलप्रमाणे असावी :

क्षारता : दर हजारी ३३ ते ३५ भाग
सामू : ८.१ ते ८.४
तापमान : २५ ते २८ अंश सेल्सिअस
अमोनिया व नायट्राइट : शून्य
नायट्रेट : लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी

क्षारतामापक आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू तपासण्याचे संच माशांच्या आधी विकत घ्यावेत.

४) तळ व खडक

तळाशी दोन इंच जाडीचा, स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याचा थर द्यावा. शिंपल्यात चुना असतो. आम्लधर्मी जमिनीत चुना घातल्याने जसा फायदा होतो, तसाच हा चुरा पाण्याचा सामू उतरू देत नाही. जांभा दगड टाकीत घालू नये. त्यात लोह असते आणि माती सुटून पाणी गढूळ होते. स्वच्छ काळा दगड चालतो. सिमेंट व शिंपल्यांच्या चुऱ्याचे सच्छिद्र खडक घरीही करता येतात. मात्र ते गोड्या पाण्यात पाच-सहा आठवडे मुरवावेत व पाणी वारंवार बदलावे. तसे न केल्यास सिमेंटमुळे सामू फार वाढतो.

५) टाकी पिकवणे

सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. शेतात अमोनियम सल्फेट टाकले म्हणजे जमिनीतील जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि पीक ते नायट्रेट उचलते. टाकीतही हेच घडते. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. अमोनिया व नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्यामानाने पुष्कळच सौम्य आहे. शेतात हे जिवाणू आधीपासून असतात. नवी टाकी मात्र ओसाड असते. तेथे त्यांची वस्ती व्हावी लागते.

गोड्या पाण्यातील मासे पाळलेल्यांची येथेच फसगत होते. पाण्याचा सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. सामू ७ वरून ८ वर गेला की हा भाग जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे गोड्या पाण्यात मासा जेवढा अमोनिया सोसतो, तेवढ्याने खाऱ्या पाण्यात तो मरतो.

टाकी भरून हवा पंप व गाळणी चालू करावी. सोललेल्या कोळंबीचा सुपारीएवढा तुकडा पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडावा. तो कुजू लागला की अमोनिया दिसू लागतो. लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया झाला की पुरचुंडी काढावी. पुढे अमोनिया उतरतो व नायट्राइट चढते. नंतर नायट्राइट उतरते व नायट्रेट दिसते. यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालू असलेल्या निरोगी सागरी टाकीतील मूठभर चुरा विरजणासारखा घातल्यास काम लवकर होते. गोड्या पाण्याच्या टाकीतील चुरा मात्र उपयोगी पडत नाही.

शेवटी पुन्हा थोडी कोळंबी टाकून पाहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही एका दिवसात शून्यावर आले, तर टाकी पिकली असे समजावे. मग निम्मे पाणी बदलून मासे आणावेत. पाणी नितळ दिसते म्हणून तयार आहे असे मानू नये. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

६) मासे कोणते व किती

सुरुवात विदूषक माशाच्या (क्लाऊन फिश) दोन लहान पिलांनी करावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केलेले आहे. उबवणी केंद्रात वाढलेले पिलू बंदिस्त जागेस व तयार खाद्यास सरावलेले असते, आणि समुद्रातील साठ्यासही धक्का लागत नाही. समुद्रफुलाशिवायही हा मासा चांगला राहतो. त्याची सर्व पिले प्रथम नर असतात. जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो. त्यामुळे दोन पिले एकत्र वाढवली की जोडी आपोआप जमते.

पुढचा मासा तीन आठवड्यांनंतरच सोडावा. १६० लिटर पाण्यात पाच-सहा लहान मासे पुरेत. प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत तीन आठवडे ठेवून पाहावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास उपचार त्याच टाकीत करावा. समुद्रातील हिरवे पानशेवाळ (उल्वा) स्वतंत्र कप्प्यात वाढवल्यास ते पिकाप्रमाणे नायट्रेट उचलते. त्याची वेळोवेळी कापणी करावी.

७) नित्य काळजी

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. वर दिलेल्या टाकीत पातळी एक इंच उतरली म्हणजे सुमारे साडेदहा लिटर पाणी उडाले, आणि क्षारता ३४ वरून ३६ च्या वर गेली. म्हणून काचेवर खूण करून रोज गोडे पाणी घालून पातळी राखावी, ते शुद्धीकरण यंत्रातील (आर.ओ.) असावे. समुद्राचे पाणी फक्त पाणी बदलतानाच वापरावे. दर पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी बदलावे. जून ते सप्टेंबर या काळात नऊ वेळा पाणी बदलण्यास १८० लिटर लागते, म्हणून मे महिन्यातच २०० लिटरचा एक पिंप भरून ठेवावा.

समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचवा भाग कमी प्राणवायू विरघळतो. वीज गेल्यास मासे लवकर गुदमरतात. पावसाळ्यात वादळवाऱ्याने वीज जाते तेव्हा उपयोगी पडावा म्हणून बॅटरीवर चालणारा हवा पंप जवळ ठेवावा. उन्हाळ्यात पाणी तापल्यास पृष्ठभागावर लहान पंखा लावावा.

८) बागायतदारांसाठी खास सूचना

आंब्यावरील तुडतुड्यांसाठी वापरली जाणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके मासे व कोळंबी यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. फवारणीनंतर आंघोळ करून, कपडे बदलूनच टाकीत हात घालावा. घराजवळ फवारणी चालू असताना खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण हवा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो. सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारण्यासाठी वापरलेली बादली, पिंप वा नळी टाकीसाठी कदापि घेऊ नये. मोरचुदातील तांबे शिंपले, शंख, खेकडे व कोळंबी यांना मारते. तांबे, पितळ व जस्ताचा मुलामा दिलेली भांडीही टाळावीत.

थोडक्यात, टाकी भरल्यापासून पहिला मासा सोडेपर्यंत दीड महिना थांबण्याची तयारी असेल तरच या कामात पडावे. त्या दीड महिन्यात टाकीत नुसते पाणी दिसते; पण पुढे मासे जगवणारे जिवाणू त्याच काळात वाढत असतात. प्रत्यक्ष टाक्या पाहून शंका विचारण्यासाठी इच्छुकांनी रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रास अवश्य भेट द्यावी.