टाकीची सावली आणि मायक्रोइन्व्हर्टर

गच्चीवर सौर पॅनेले बसवलेली घरे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठेवले होते. तरीही खर्चाचा मोठा भाग घरच्यांनाच उचलावा लागतो. अशा वेळी विक्रेता विचारतो, "सगळ्या पॅनेलांना मिळून एक मोठा इन्व्हर्टर बसवू, की प्रत्येक पॅनेलाखाली एकेक छोटा?" हा छोटा म्हणजे मायक्रोइन्व्हर्टर. तो महाग पडतो. मग घ्यावा की नाही? हे ठरवायला लागणारे बरेचसे शास्त्र शाळेच्या पुस्तकात आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, घरातला हा हिशेब तुम्हीच अंगावर घ्या.

सौर पॅनेलातून एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे एकदिश धारा मिळते. घरातली वीज मात्र २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने करणारी प्रत्यावर्ती धारा असते. एकीचे रूपांतर दुसरीत करणे हे इन्व्हर्टरचे काम सर्वांना ठाऊक असते. त्याचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे आहे. पॅनेलाची दोन टोके मोकळी ठेवली तर विद्युतदाब सर्वांत जास्त असतो, पण धारा शून्य. टोके एकमेकांना जोडली तर धारा सर्वांत जास्त, पण दाब शून्य. शक्ती म्हणजे दाब गुणिले धारा. म्हणजे दोन्ही टोकांना शक्ती शून्यच! मधे कोठेतरी हा गुणाकार सर्वांत मोठा होतो. त्या बिंदूला महत्तम शक्तिबिंदू म्हणतात. ढग आला किंवा पॅनेल तापले की हा बिंदू सरकतो आणि इन्व्हर्टर त्याचा सतत माग काढत राहतो.

आता समजा, ४०० वॉटची ८ पॅनेले आहेत. प्रत्येकाचा दाब सुमारे ३१ व्होल्ट आणि धारा सुमारे १३ अँपिअर. मोठ्या इन्व्हर्टरसाठी ती एकसर जोडतात. दाबांची बेरीज होते, ८ × ३१ = २४८ व्होल्ट. धारा मात्र सर्वांतून तीच १३ अँपिअर.

एकसर जोडणीची अडचण येथेच आहे. बांधकामावर गडी रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, ते तुम्ही पाहिले असेल. त्यांतला एक जण दमला तर सगळ्या रांगेचा वेग त्याच्याइतका होतो. सावलीतला सौर घट हा तो दमलेला गडी. त्याच्यातून जेमतेम धारा जाते आणि बाकीच्यांनाही तेवढ्यावरच थांबावे लागते.

पण पॅनेल बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. बहुतेक पॅनेलांच्या पाठीमागच्या पेटीत ३ डायोड असतात. एकेक डायोड पॅनेलाचा तिसरा हिस्सा सांभाळतो. त्या हिश्शावर सावली आली की धारा डायोडमधून वळसा घालून पुढे जाते. दमलेल्या गड्याला वगळून घमेले पुढच्याच्या हाती दिले, असे समजा. आपल्या ८ पॅनेलांत असे २४ हिस्से झाले. एक हिस्सा वगळला गेला तर तोटा चोविसाव्या भागाचा, म्हणजे सुमारे ४ टक्के आणि वर डायोडचा किरकोळ खर्च. 'एका पॅनेलावर सावली पडली की सगळा संच बंद' असे काही विक्रेते सांगतात, ते म्हणूनच खरे नव्हे. शिवाय मायक्रोइन्व्हर्टर बसवला तरी सावलीतल्या हिश्शाची वीज परत मिळत नाही, हे ते सांगत नाहीत.

मग मायक्रोइन्व्हर्टरचा उपयोग कोठे? सावली एकाच वेळी तीन-चार पॅनेलांवर, कमीजास्त पसरत असेल तेथे. अशा वेळी माळेच्या शक्तीच्या आलेखावर एकाऐवजी अनेक टेकड्या तयार होतात आणि मोठा इन्व्हर्टर एखाद वेळी बुटक्या टेकडीवरच अडकून बसतो. प्रत्येक पॅनेलाचा शक्तिबिंदू वेगळा शोधला तर हा घोटाळा टळतो. काही पॅनेले पूर्वेकडे, काही पश्चिमेकडे तोंड करून असतील तेथेही मायक्रोइन्व्हर्टर बरा. (अर्थात दोन वेगळ्या माळा घेणारे मोठे इन्व्हर्टरही मिळतात.) दोन-तीनच पॅनेले असतील तर माळेचा दाब मोठ्या इन्व्हर्टरला पुरत नाही, तेथे मायक्रोइन्व्हर्टरच सोयीचा.

म्हणून आधी सावली मोजा. मुंबईच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. पॅनेलांपेक्षा दीड मीटर उंच असलेल्या टाकीची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे १.४ मीटर पडते. त्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास ती जवळजवळ २.७ मीटर लांब असते. मे महिन्यात गच्ची पाहून 'सावली नाही' म्हणणारा माणूस डिसेंबरात फसतो. अनेकदा पॅनेले दोन मीटर सरकवली की महागड्या यंत्राची गरजच उरत नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ६ व्होल्टची दोन छोटी सौर पॅनेले आणि खेळण्यातली एक मोटर घ्या. पॅनेले एकसर जोडून उन्हात मोटर फिरवा आणि एकावर पुठ्ठा ठेवा. या छोट्या पॅनेलांत डायोड बहुधा नसतो, त्यामुळे मोटर थांबेल. आता पॅनेले समांतर जोडा आणि पुन्हा पुठ्ठा ठेवा. काय दिसते? गच्चीवरच्या खऱ्या पॅनेलांवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. २४८ व्होल्टची एकदिश धारा जीव घेऊ शकते. तिची ठिणगीही सहज विझत नाही. प्रत्यावर्ती धारा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी लवकर मरते. मायक्रोइन्व्हर्टरमुळे गच्चीवर जास्त दाबाची एकदिश धारा खेळवावीच लागत नाही. माझ्या मते सावलीपेक्षा हा गुण मोठा आहे.

निवड करताना आकड्यांना घाबरू नका. ४०० वॉटच्या पॅनेलाला ३५० वॉटचा मायक्रोइन्व्हर्टर सुचवला तर ती फसवणूक समजू नये. पॅनेलावरचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो. उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्का शक्ती घटते. ४० अंशांना १४ टक्के, म्हणजे उरले ३४४ वॉट. दाबाचे उलट आहे. थंडीत तो वाढतो. मोकळ्या टोकांना ३७ व्होल्ट देणारे पॅनेल निफाडच्या ५ अंशांच्या पहाटे सुमारे ३९ व्होल्ट देईल. मायक्रोइन्व्हर्टरची मर्यादा त्याहून वर हवी.

उष्णतेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पॅनेल संथपणे शक्ती देते, पण प्रत्यावर्ती बाजूची शक्ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. हा फरक भरून काढायला आत धारित्र लागते. द्रव भरलेल्या धारित्राचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, आणि मायक्रोइन्व्हर्टर तर तापलेल्या पॅनेलाखालीच बसलेला! तेव्हा किती तापमानापर्यंत पूर्ण शक्ती मिळेल आणि हमी किती वर्षांची, हे लेखी घ्यावे. एक बिघडला तर एकच पॅनेल बंद पडते हे खरे, पण दुरुस्तीला पॅनेल उचलावे लागते. मोठा इन्व्हर्टर जिन्याखालच्या भिंतीवर सावलीत राहतो.

राहिला भारनियमनाचा प्रश्न. बाहेरची वीज गेली की दोन्ही प्रकारचे साधे इन्व्हर्टर भर उन्हातही बंद होतात. तसे झाले नाही तर गच्चीवरची वीज तारांत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. वीज गेल्यावरही पंखा चालावा असे वाटत असेल, तर बॅटरी आणि तिला जोडता येणारा इन्व्हर्टर यांचा खर्च आधी मांडावा लागेल.