घटक ४ : सांस्कृतिक उद्योजक आणि स्थानिक समाज – कोल्हापुरी चपलेचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• ‘सांस्कृतिक उद्योजक’ ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• भौगोलिक मानांकनाचे महत्त्व व मर्यादा सांगता येतील.
• कारागिराला साहाय्य करण्यातील मराठीच्या अभ्यासकाचा वाटा ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, परंपरेने आलेल्या कसबाच्या आधारे वस्तू घडवून जो उपजीविका करतो आणि त्याचबरोबर आपल्या परिसराची ओळखही टिकवतो, त्याला सांस्कृतिक उद्योजक म्हणता येईल. अशा व्यक्तीचे ‘कलाकार’ म्हणून कौतुक होते. ‘उद्योजक’ म्हणून तिच्या गरजांचा विचार मात्र क्वचितच होतो. हा फरक आपण कोल्हापुरी चपलेच्या आधारे समजून घेऊ.

४.२ वस्तूमागील श्रम

पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावतात. त्यातून तळ, पट्टा, अंगठा, कान असे भाग कापले जातात आणि चामड्याच्या वादीने शिवले जातात. खिळा वापरला जात नाही. वेणी घालण्याचे नाजूक काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. म्हणजे एका जोडामागे संपूर्ण कुटुंबाचे श्रम असतात. ‘कापशी’ या प्रकाराच्या नावात तर कागल तालुक्यातील गावच सामावले आहे. असे असूनही चपलेला जी प्रतिष्ठा मिळाली, ती जातिव्यवस्थेमुळे चर्मकाराला मिळाली नाही.

४.३ नावाचे संरक्षण

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात समाविष्ट आहेत. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे मानांकनाची नोंदणीकृत धारक आहेत.

जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलान येथे अशाच घडणीच्या चपला सादर केल्या. कोल्हापूरचा उल्लेख मात्र केला नाही. कोल्हापुरात तीव्र प्रतिक्रिया उमटल्यावर कंपनीने प्रेरणास्रोत मान्य केला. डिसेंबर २०२५ मध्ये तिने दोन्ही महामंडळांशी करार केला.

यातून एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी. मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते. नाव टाळून घाट उचलणाऱ्यास त्या आधारे रोखणे कठीण असते. शिवाय मानांकनाचा लाभ घेण्यासाठी कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणीविना राहिलेल्या कारागिरापर्यंत नावाची किंमत पोहोचत नाही.

४.४ साहाय्याचे स्वरूप

राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांना हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथील चहा घेतला. पैशाने व्यवसाय उभा राहिला; राजाच ग्राहक झाल्याने त्याला प्रतिष्ठा लाभली. साहाय्य म्हणजे दान नव्हे, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. चर्मकारालाही चांगले कातडे, रास्त दाम, नोंदणीची सोय आणि वस्तूसोबत स्वतःचे नाव हवे असते.

येथे मराठीच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. मानांकनाच्या अर्जात वस्तूचा इतिहास, घडण व वैशिष्ट्ये लेखी मांडावी लागतात. कारागिराची परिभाषा टिपणे, सुबोध माहितीपत्रक लिहिणे, अर्ज समजावून सांगणे ही कामे आपण करू शकता. जे ज्ञान केवळ हातात व बोलीत असते, त्यावरचा हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

४.५ सारांश

सांस्कृतिक उद्योजकाला कौतुकाइतकीच व्यवस्थेचीही गरज असते. वस्तूच्या किमतीतील योग्य वाटा घडवणाऱ्याच्या घरी पोहोचला, तरच स्थानिक अर्थव्यवस्था बळकट होते आणि पुढची पिढी त्या व्यवसायात टिकते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. भौगोलिक मानांकनाची मर्यादा उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘साहाय्य म्हणजे दान नव्हे’ या विधानाची चर्चा करा.

उपक्रम

आपल्या परिसरातील एका कारागिराला भेटा. त्याच्या व्यवसायातील वीस शब्द अर्थासह नोंदवा आणि त्याच्या संमतीने वस्तूचे शंभर शब्दांचे माहितीपत्रक तयार करा. ते प्रथम त्यालाच वाचून दाखवा.