'आय नो नॉट' कीं 'आय डू नॉट नो'?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलानें रजेचा अर्ज इंग्रजींत लिहून आणिला. त्यांत 'माय फादर स्लीप्स नॉट. आय कम नॉट टु स्कूल' असें वाक्य होतें. आम्हीं तें वर्गास मोठ्यानें वाचून दाखविलें, मुलें हंसलीं, आणि आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली. मुलगा खालीं मान घालून म्हणाला, "सर, बायबलांत तर असेंच असतें. मग तेंही चुकीचें का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याचे वडील त्या वेळीं खरोखरच अत्यवस्थ होते, हें मागाहून कळलें. त्याचें उत्तर देणें आमच्याकडे राहिलें आहे.

प्राचीन इंग्रजींत नकारासाठीं 'ने' हें अव्यय क्रियापदाच्या आधीं येत असे. पुढें जोर आणण्याकरितां क्रियापदानंतर 'नॉट' हा शब्द जोडूं लागले. त्याचा मूळ अर्थ 'कांहीं एक नाहीं' असा. कालांतरानें 'ने' गळालें व एकटें 'नॉट' उरलें. तेव्हां 'आय नो नॉट' हें रोजच्या बोलण्यांतलें साधें वाक्य होतें. नकारांत 'डू' घालण्याची रीत सोळाव्या शतकांत वाढीस लागली. राजा जेम्सच्या वेळचें बायबल १६११ सालीं छापलें, तेव्हां दोन्ही रीती प्रचारांत होत्या. पण त्याच्या भाषांतरकारांनीं विल्यम टिंडलच्या १५२६ च्या नव्या करारासारख्या आधींच्या भाषांतरांचा पुष्कळ आधार घेतला, म्हणून त्यांत जुनी रीत विशेष आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस गद्यांत 'डू' रूढ झालें.

कवींनीं मात्र जुनी रीत सोडली नाहीं. 'आय डू नॉट नो' यांत चार अवयव, 'आय नो नॉट' यांत तीन. वृत्त संभाळणारास एक अवयव वाचणें ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय वाक्य 'नॉट' वर संपलें म्हणजे नकार कानांत राहतो.

आपल्या मराठींतही 'मला ठाऊक नाहीं' याच्या शेजारीं 'मी नेणें' आहे. संतांच्या अभंगांत तें शोभतें; परंतु तहसील कचेरीच्या अर्जांत 'सर्व्हे नंबर मी नेणें' असें कोणी लिहिलें, तर कारकून हंसेल. 'नेणें' अशुद्ध नाहीं, तें अस्थानीं आहे. 'आय नो नॉट' ची गोष्ट अशीच.

मराठी मुलास हा मोह अधिक होतो. 'येत नाहीं' यांत नकार क्रियापदामागून येतो, म्हणून शब्दास शब्द ठेवितां 'कम नॉट' आपोआप तयार होतें. यास्तव एवढें ध्यानांत ठेवावें: 'इज', 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांसारख्यांस 'नॉट' थेट लागतें, जसें, 'ही इज नॉट वेल'. इतर क्रियापदांस 'डू', 'डज' किंवा 'डिड' हवें, आणि मग मूळ क्रियापद साध्या रूपांत यावें: 'ही डज नॉट स्लीप', 'डज नॉट स्लीप्स' नव्हे. आज्ञार्थीं 'गो नॉट' ऐवजीं 'डू नॉट गो' लिहावें. तसेंच कवितेंतील 'नेअर' पत्रांत 'नेव्हर' होतें.

कोठें काय लिहावें, याची एक सोपी कसोटी आहे. पोस्टाच्या खिडकीपाशीं जें वाक्य तुम्ही बोलाल, तेंच अर्जांत व पत्रांत लिहा. कवितेचा अर्थ सांगतांना तिचें जुनें रूप ओळखा व सध्यांच्या रूपांत उत्तर द्या. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलांचीं इंग्रजी पत्रें टपालांत टाकण्यापूर्वीं त्यांच्याकडून एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावीं.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. बाळा, बायबलांतलें तें वाक्य चुकीचें नाहीं, आणि तुझेंही अडाणीपणाचें नव्हतें. तूं उत्तम ग्रंथांतून शिकलेली भाषा अर्जांत आणिलीस, इतकेंच. चूक हंसण्यांत होती, व ती आमची होती.